रिकाम्या चौकटीतला काजळ्या

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी आठला संपादकांचा फोन. मॉलमध्ये पोरं निळे-जांभळे टोप लावून, पुठ्ठ्याच्या तलवारी घेऊन जमली होती म्हणे. जपानी कार्टूनमधली सोंगं. "तुमच्या शैलीत जरा घ्या त्यांना." घ्या म्हणजे झोडा. पंचवीस वर्षं दर आठवड्याला कुणालातरी झोडतोय. आता हात आपोआप उठतो, डोकं मागून येतं.

रेवाला पुण्याला फोन. कन्या डिझाइन शिकते, म्हणजे बापाच्या चपलांपासून लग्नपत्रिकांपर्यंत सगळ्याला नावं ठेवते.
"कार्टून नाही हो बाबा, ॲनिमे. आणि न बघता लिहिलंत तर मी आडनाव बदलेन."
"ते तू लग्नात बदलशीलच."
"बघा! हेच. हेच लिहिता तुम्ही."
फोन कट. पाच मिनिटांनी एका मालिकेचं नाव पाठवलं. चोवीस भाग. शिक्षाच.

एकट्याने भोगायची नाही म्हणून मिलिंदला बोलावलं. शाळेत चित्रकला शिकवतो, पाथर्डी फाट्याला राहतो, कॉलेजपासूनचा मित्र. धम्माबद्दल आवाज न चढवता बोलणारा माझ्या ओळखीत हा एकच, आणि मी मधे न तोंड घालता ऐकतो असाही हा एकच.

मिसळ हाणून दुपारी बसलो. दोन भाग. डोंगराच्या पोटातलं गाव, तिथे ऊन पोचतच नाही. देवळापर्यंत दगडी पायऱ्या, पायरीगणिक दगडी दिवा. एक पोरगा रोज ते लावत वर जातो. दोन दिव्यांच्या मधे जो काळोख उरतो त्यात त्याचा मित्र राहतो. मित्र काळोखाचाच बनलेला. म्हणजे पोरगा जेवढे दिवे लावील तेवढा मित्र कमी होणार. आणि दिवे तर लावायलाच हवेत, नाहीतर माणसं पायऱ्यांवरून गडगडतील.

जपानी नावं जिभेवर बसेनात. आम्ही एकाला कंदील म्हटलं, दुसऱ्याला काजळ्या.

खोड्या काढायला वही घेऊन बसलो होतो. वहीत एवढंच सापडलं: "डोळे बशीएवढे. नाक कुठे?" त्याखाली काही नाही. कारण दुसऱ्या भागाच्या शेवटी कंदील शेवटच्या दिव्याशी वाकतो, थांबतो, आणि हातातली काडी विझू देतो. मित्राला बसायला जागा राहावी म्हणून. एक शब्द नाही, संगीत नाही.

मी चहा करायला उठलो. चहा कुणालाच नको होता.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मिलिंदचा फोन, शाळेच्या मोकळ्या तासात. मागे पोरांचा गोंधळ.
"एक लक्षात आलं का तुझ्या? काजळ्याला दाखवतच नाहीत."
"म्हणजे?"
"आवाज आहे. कंदील त्याच्याशी बोलतो, त्याच्यासाठी सरकून बसतो. पण तो नाही. नुसता काळोख. दिवे आहेत, दिव्यांमधलं अंतर आहे, आणि त्या अंतराला कंदील मित्र म्हणतो. अरे, अनात्म म्हणजे काय हे याहून सोपं कुणी सांगितलंय का?"

आता मी काजळ्याला बघितलाय. केस पिंजारलेले, कोपरं टोकदार, काळ्यावर काळा काढलेला. पण मि. म्हणतोय म्हणजे त्याला काहीतरी खोलातलं म्हणायचं असणार. असून नसणं वगैरे. "हं," म्हटलं, "मलाही तेच जाणवलं."

पस्तीस वर्षं त्याच्यासमोर हुशार दिसायची सवय लागलीय. मोडत नाही.

पण वाक्य डोक्यातून जाईना. भाजी घेताना दोन गाड्यांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे बघत उभा राहिलो. भाजीवाली म्हणाली, "काका, तिथं काय नाय. मेथी इकडंय."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

झोडपट्टीचा लेख लिहिला, सहाशे शब्द, चार ठिकाणी स्वतःच हसलो. मग फाडला. दुसरा लिहिला. नाव दिलं "दिव्यांमधलं अंतर". सगळा मि.चा विचार, माझी फक्त विरामचिन्हं. एका चित्रकाराने मित्राला न काढता मित्र कसा दाखवला, असा.

संपादक: "सर, तब्येत बरी आहे ना?"

१६ नोव्हेंबर, रविवार

भाग तीन ते सहा. मि. उशिरा आला. स्कूटरचा डावा आरसा तुटलेला. कुंभमेळ्यासाठी अख्खं शहर खणून ठेवलंय, त्यामुळे मी काही विचारलं नाही. सध्या नाशकात आरसा शाबूत असलेली गाडी म्हणजे घरातून न निघालेली गाडी.

टीव्हीच्या इतका जवळ बसला की माझी बायको वैशाली म्हणाली, "भाऊजी, आत जायचंय का?"

आज उजेडावर बोलला. म्हणे, "कागदावर उजेड काढता येत नाही. आठवीतल्या पोरांना पहिल्या तासाला हेच सांगतो. पेन्सिलने तुम्ही फक्त अंधार काढू शकता. उजेड म्हणजे जिथे तुम्ही हात आवरला ती जागा." मग पडद्याकडे बोट करून, "ह्यांनी उलटं केलंय. दिवे काढलेत आणि मित्रापाशी हात आवरलाय."

आणि म्हणाला, हे दोघं वेगळे नाहीतच. एक आहे म्हणून दुसरा. दिवाच नसता तर त्या काळोखाला कडा कुठून आल्या असत्या? कडा नसत्या तर त्याला नाव कुणी दिलं असतं? आपण म्हणतो हा मी, हा तू. दिवा लावल्यावर पडलेल्या रेषा आहेत त्या.

मी पंचावन्न वर्षांचा. ज्ञानाची चेष्टा करण्यावर घर चालवलं. आज तोंड उघडं ठेवून बसलो होतो. वैशालीने मुद्दाम समोरून दोनदा केर काढला.

निघताना त्याने चहाचा कप टेबलावर ठेवला. टेबलाच्या अलीकडे. "तुझ्या विचारात होतो," म्हणाला. फरशी पुसताना मला त्याचा अभिमान वाटला. असा माणूस आपल्याकडे येऊन कप फोडतो.

२३ नोव्हेंबर, रविवार

लेख छापून आला. सकाळपासून फोन. एका निवृत्त न्यायाधीशांना रडू आलं म्हणे. ज्यांना मी आजवर तीनदा झोडलंय अशा एका प्राचार्यांचा निरोप: "आपण अंतर्मुख झालात." वैशाली म्हणाली, "कुणाचीच बदनामी नाही, मग छापला कसा?"

मि.ला विचारलं, वाचलास का? "शोभाने वाचून दाखवला. चष्मा सापडत नव्हता." शोभावहिनी त्याची बायको. तिने वाचला म्हणजे नीट वाचला असणार, अंगणवाड्यांचे अहवाल वाचून वाचून तिला कुठल्याही मजकुरात चूक दिसते.

भाग सात ते दहा. लिहिण्यासारखं काही उरत नाही, बघून झाल्यावर. हे माझ्या धंद्याला चांगलं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

काय झालं ते क्रमाने लिहितो.

तेरावा भाग. गावातली एक म्हातारी पायऱ्यांवरून पडते. जो दिवा कंदील रोज विझलेला ठेवत होता, नेमकी त्या पायरीवरून. आता त्याला सगळे लावावे लागणार. काजळ्या म्हणतो, लाव. मग तो शेवटच्या दोन दिव्यांच्या मधे उभा राहतो. पडद्याच्या बरोबर मधोमध. दोन्ही हात पुढे केलेले. आणि रडतो. आवाज नाही. एक मिनिटभर नुसतं तेच. खांदे हलतात. मी आयुष्यात इतकं निःशब्द रडताना कुणाला बघितलं नव्हतं, आणि तेही चित्रातल्या पोराला.

तेवढ्यात मि. हळू आवाजात: "काय हिंमत आहे रे. एक मिनिट रिकामी चौकट धरून ठेवलीय."

मी वळून बघितलं. तो पडद्याकडेच बघत होता. डोळे भरलेले.
"मधे काय दिसतंय तुला?"
"काही नाही," म्हणाला. "तेच तर."

काजळ्या अजून रडत होता. मि.च्या आणि माझ्या समोर, चार हातांवर.

भाग संपला. तो म्हणाला, पुढचा आज नको, हे पुरेसं आहे. स्कूटरला किक मारली आणि गेला.

स्कूटरवर.

१ डिसेंबर, सोमवार

सकाळी तेराव्या भागातला तोच प्रसंग वैशालीला दाखवला. वाटलं आपला टीव्ही खराब असेल. तेवढी आशा.
"कोण दिसतं?"
"पोरगा रडतोय. का हो? नाकातलंसुद्धा दिसतंय."

रेवाला फोन केला. ती ऐकून घेते, हे तिच्यात कुठून आलं माहीत नाही. मग म्हणाली, "बाबा, काकांनी डोळे कधी तपासले?"

आरसा. कप. टीव्हीला नाक. शोभावहिनीने वाचून दाखवलेला लेख. सगळं समोर होतं आणि मी त्याला तत्त्वज्ञान समजलो. दुसऱ्या कुणाही माणसाने पहिल्याच दिवशी म्हटलं असतं, "अरे, तो काय तिथे बसलाय, दिसत नाही का?" एका सरळ प्रश्नाचं काम होतं. तो मी विचारला नाही, कारण बिनडोक वाटलो असतो. वर लेख लिहिला. न्यायाधीशांना रडवलं.

आज चालायला गेलो नाही.

३ डिसेंबर, बुधवार

शाळेत गेलो त्याच्या. चित्रकलेची खोली, भिंतींवर द्राक्षांचे घड, सगळे जांभळे. तास सुटला होता. मि. एका मुलीची वही नाकाशी धरून तपासत होता. मी आलेला त्याला "काय रे?" म्हटल्यावर कळलं.

पाठ करून गेलो होतो. सगळं विसरलो. म्हटलं, "काजळ्या आहे."
"कुठे?"
"पडद्यावर. पहिल्या भागापासून आहे. काढलाय त्याला. केस आहेत, कोपरं आहेत. सगळ्यांना दिसतो."

हसला आधी. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबला, म्हणजे तोंड जिथे असतं तिकडे बघून. वही मिटली. बराच वेळ ती टेबलाच्या कडेला नीट लावत बसला.
"कसा दिसतो?" म्हणाला.

एवढंच विचारलं. लेखाबद्दल नाही, माझ्या मूर्खपणाबद्दल नाही. कसा दिसतो.

मी सांगायला गेलो तर "काळा" याच्या पुढे मला शब्द सुचेना. पंचवीस वर्षांचा लेखक. "बारीक आहे," म्हटलं. "तुझ्यासारखा कॉलेजात होतास तसा." खोटं होतं ते, पण जवळपासचं.

मग हळूहळू बाहेर आलं. दीड वर्षापूर्वी एका शिबिरात काचबिंदू सांगितला होता. थेंब दिले होते. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून थेंब कधी घातले कधी राहिले. कडा गेल्या आधी. मग अंधारातल्या वस्तू. "वाटायचं ट्यूबलाइट जुन्या झाल्यात." दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला. डोळे गेलेला चित्रकलेचा मास्तर म्हणजे, तो म्हणाला, तुझ्यासाठी तयार विनोद.

"शोभाला सांगू नकोस."
"मिल्या..."
"स्कूटर बंद करील, शाळा बंद करील, मला खाटेवर बसवून चमच्याने भरवील. शपथ घे माझी."

घेतली. बाहेर पडलो तर गेटाशी त्याची स्कूटर. एकच आरसा, उजवा.

५ डिसेंबर, शुक्रवार

शपथ मोडली.

उद्या सहा डिसेंबर. मि. दरवर्षी दादरला जातो, चैत्यभूमीवर. आज सकाळच्या गाडीने निघायचं, उद्या रांगेत उभं राहायचं, तेवढ्या माणसांत. फोनवर म्हणाला, एकटाच जातोय. म्हणजे गेल्या वर्षीही हा असाच गेला होता, निम्म्या डोळ्यांनी.

निघायच्या आधी गाठावं म्हणून साडेसहालाच त्यांच्याकडे. शोभावहिनीने दार उघडलं. "जय भीम, भाऊजी. इतक्या लवकर?" मि. आंघोळीला गेलेला. ओट्याशी उभं राहून सांगून टाकलं, भराभर, पाणी अंगावर पडायचा आवाज थांबायच्या आत.

ती पोळी लाटत होती. लाटतच राहिली.
"माहीत आहे मला," म्हणाली.
"केव्हापासून?"
"सहा महिने झाले. तांब्या, चपला, टॉवेल, सगळं एकाच जागी ठेवते. इंचभर हलवू देत नाही कुणाला. ह्यांना वाटतं, ह्यांना दिसतंय म्हणून सापडतं."
"मग बोलली का नाहीस?"
"ते आपण होऊन सांगतील म्हणून थांबले. तुम्ही दोघं कॉलेजपासूनचे ना? मला वाटलं तुम्हाला सांगितलं असेल. तुमचाच राग येत होता मला, भाऊजी."

मि. पंचा गुंडाळून दारात उभा. केव्हापासून, कोण जाणे. मला म्हणाला, "तू लेखक आहेस. तुझ्याकडे दिलेलं गुपित म्हणजे मजकूरच." मग तिच्याकडे वळला. तिने लाटणं ठेवलं, हात पुसले, आणि दुसरी पिशवी भरायला घेतली. तीही निघाली दादरला.

मला रिक्षा मिळाली नाही. चालत आलो, इंदिरानगरला घरापर्यंत.

८ डिसेंबर, सोमवार

दवाखान्यात तिघं. मि. माझ्याशी बोलत नाही, पण मी आलो त्याला हरकतही घेतली नाही.

डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या. डावा डोळा जवळजवळ संपला. उजव्यात मधलं थोडं उरलंय, नळीतून बघितल्यासारखं. गेलेलं परत येत नाही. शस्त्रक्रिया केली तर आतला दाब उतरेल आणि आहे ते टिकेल, बहुतेक. नाही केली तर हळूहळू तेही जाईल.
"बहुतेक?" वहिनी.
"इतका पुढे गेलेला असला की क्वचित उरलेलंही जातं. शस्त्रक्रियेतच. हे सांगणं माझं काम आहे."
एकोणीसची तारीख दिली. विचार करून सांगा म्हणाल्या.

मि.ने विचारलं, "काळ्यावर काढलेलं काळं, ते नेमकं केव्हा दिसेनासं होतं?"
बाईंना कळलं नाही. मला कळलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

मि.चा फोन. चार दिवसांनी. "रविवारी लेण्यांवर येतोस का? चढताना बोलायचं नाही."
"शस्त्रक्रियेचं काय ठरलं?"
"चढताना नाही म्हटलं ना."
"अजून चढत नाहीये मी, घरात आहे."
हसला. बारीक, पण हसला.

१४ डिसेंबर, रविवार

पांडवलेणी. शाळेत असताना सहलीला आलो होतो तेव्हा डबा खाल्ला होता, बाकी काही आठवत नाही. मि. लहानपणी वडिलांबरोबर दर पौर्णिमेला बुद्धाला वंदन करायला यायचा.

पायऱ्यांवर तो माझ्या खांद्यावर हात ठेवून चढला. माझाच दम जास्त लागला. वर टेकलो तेव्हा दुपारचं ऊन, खाली हायवे, पलीकडे सगळं नाशिक पांढरं झालेलं.

मोठ्या लेण्यात शिरलो आणि मी आंधळा झालो. म्हणजे खरंच. बाहेरच्या लख्ख उन्हातून एकदम आत, समोर काही नाही. पाय पुढे टाकायची भीती वाटली. मि.ने माझं मनगट धरलं आणि सरळ चालत गेला. आता डावीकडे खांब नाहीत, म्हणाला, आता जमीन जरा खाली जाते, आता उंबरा. गाभाऱ्याच्या दाराशी थांबवलं.
"आता काही करू नकोस. उभा राहा. आणि आधी काय येतं ते मला सांग."

काय येतं? काही येत नव्हतं. मग आलं. कुठून आलं सांगता येत नाही, अंधार पातळ झाला असंही नाही.
"गुडघा," म्हटलं.
"कुठला?"
"डावा. आता हात. छातीपाशी दोन्ही. बोटं. थांब, खांदा येतोय." मी कुजबुजत होतो. "अरे बाप रे. केवढे आहेत रे. चेहरा शेवटी येतोय."
"ओठ?"
"अजून नाहीत... आले."

दगडातून कुणीतरी उठून आपल्याकडे बघावं, आणि ते कायमच बघत होतं, उशीर आपल्याला झाला. मला एकही विनोद सुचला नाही. सुचावा असंही वाटलं नाही. शेजारी मि. समोर तोंड करून उभा, त्याला काहीच दिसत नव्हतं आणि तो माझ्याइतकाच बघत होता.

बाहेर ओट्यावर बसलो. मग तो बोलला.
"अनित्य हा शब्द फळ्यावर लिहायला सोपा असतो. डोळ्यात लिहिला की हात कापतो." आणि मग, "तुला माहितेय, त्या चार रविवारी मी किती सुखात होतो? मला वाटलं, मला दिसतं तसं कुणीतरी काढलंय. लांब जपानात बसून कुणीतरी माझा अंधार काढलाय, आणि त्यात मित्र ठेवलाय. तू ते नेलंस."
"माफ कर."
"नको. त्यात मित्र होताच की, तूच सांगितलंस. मला दिसत नव्हता, एवढंच."

उतरताना म्हणाला, "करतो शस्त्रक्रिया. घाबरलोय, लिहून ठेव कुठे लिहायचं तर."
लिहून ठेवलं.

१८ डिसेंबर, गुरुवार

संपादकांना फोन केला, त्या लेखाचा खुलासा छापायचाय म्हणून. मित्र चित्रात होता, माझं बघणं चुकलं, असा.
"सर, कुणाला कळलंय? ती मालिका आपल्या वाचकांनी बघितलेलीच नाही."
खरं आहे. पंचवीस वर्षांची माझी कीर्ती याच पायावर उभी असावी.

मि.ला सांगितलं. म्हणाला, छापू नको. बघणं तुझं चुकलं नव्हतं, विचारणं चुकलं. मग, "उद्या दहाला घ्यायला ये मला. वैशालीवहिनी डबा पाठवणार आहे म्हणे, तिला सांग तिखट कमी."

१९ डिसेंबर, शुक्रवार

पाऊण तास आत. शोभावहिनीने बाकावर बसून अंगणवाडीच्या वजनाचे तक्ते भरले. एकही आकडा चुकला नाही, नंतर तपासून बघितला तिने. मी एकच पान वाचत होतो, ते दवाखान्याचं माहितीपत्रक निघालं.

बाहेर आणला. उजव्या डोळ्यावर पट्टी. डावा उघडा, पण तो कामाचा नाही. "झालं?" त्याने विचारलं. "झालं," आम्ही दोघं एकदम.

२१ डिसेंबर, रविवार

त्याच्या घरी चौदावा भाग. त्याला बघायचा नाहीये, ऐकायचाय. मी पडद्यावरचं सांगायचं.

सुरुवात केली, "आता आपला हिरो उगवला, चेहऱ्यावर बारा वाजलेत..."
"थांब. विनोद नंतर. आधी काय आहे ते सांग."
हे फार अवघड आहे. मला काय आहे ते सांगायची सवय नाही, मला काय वाटतं तेवढंच येतं. दोनदा मागे न्यायला लावलं. "रंग सांग. कुठून उजेड येतोय ते सांग. तो कुठल्या हाताने धरतो?" वहिनी स्वयंपाकघरातून: "भाऊजी, मास्तरांच्या वर्गात बसलाय, नापास व्हाल."

मग तो प्रसंग आला. सगळे दिवे लागलेत, काजळ्या कुठेच नाही. कंदील पायरीवर बसलाय. उठतो. एक दिवा उचलून पाठीवर बांधतो. आणि त्याच्या पुढे, पायऱ्यांवर, त्याची स्वतःची सावली पडते. लांब. कंदील चालायला लागतो. सावली पुढे चालते. दहा पावलांनंतर सावली मान वळवून मागे बघते. पिंजारलेले केस, टोकदार कोपरं.

मी सांगायचा थांबलो होतो.
"काय झालं? बोल ना."
सांगितलं.

मि. पट्टीखालून म्हणाला, "म्हणजे दिवा त्याचा वैरी नव्हताच कधी. फक्त समोर धरला होता." आणि थोड्या वेळाने, "परत सांग. मान वळवतो तिथून."
परत सांगितलं. तीनदा.

घरी येऊन वैशालीला चौथ्यांदा सांगितलं. ती केरसुणी बाजूला ठेवून ऐकत होती.

४ जानेवारी, रविवार

पट्टी गेली. दाब उतरलाय, तेवढं चांगलं. दिसतं कसं विचारलं तर म्हणतो, धुक्यातून. बाई म्हणाल्या हे धुकं असतंच सुरुवातीला, किती ओसरेल आणि खाली काय उरलं असेल ते अजून पाच-सहा आठवड्यांनी कळेल. तोवर वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, धूळ नाही. शाळेला रजा. स्कूटर मेहुण्याने नेली. तिच्या जागेवर वहिनीने कुंड्या मांडल्यात, म्हणजे परत आणायचं नाव नको.

मी गेलो तर मि. खिडकीशी, मांडीवर पाटी, पाटीवर कागद. कोळशाची पूड डोळ्याला चालत नाही म्हणून मऊ पेन्सिल.
"आठ दिवस हेच चाललंय," वहिनी. "तीन पेन्सिली संपल्या. काही दिसत नाही त्यात, मी सांगितलं तर रुसतात."
"काजळ्या काढलाय," मि. म्हणाला. "तू सांगितलास तसा. मला बघून कळत नाही आला की नाही. हाताला वाटतंय आलाय. घे."

कागद घेतला. काळा. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत काळा, मधे कुठे जागा सोडलेली नाही. पेन्सिल इतकी दाबलेली की कागद जड लागत होता. तो माझ्याकडे तोंड करून बसलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर, निकालाला आलेल्या पोरासारखा.
"आहे का?"

हो म्हणणं सोपं होतं. नोव्हेंबरमध्ये मी लगेच म्हटलं असतं.

खिडकीशी नेला. तिरपा धरला, उन्हाकडे. काळ्याखाली काहीतरी चमकलं, रेघांची दिशा एका ठिकाणी बदलली होती. कोपर असेल. किंवा पेन्सिलीला टोक केलं असेल तिथे. दुसरीकडून धरला, चमक गेली. परत आली, जरा वर, आता वेगळी.

"अरे बोल ना," मि. म्हणाला. "आहे की नाही?"
"थांब," म्हटलं. "बघतोय."
आणि बघत होतो.